स्पोर्ट मोडमध्ये गाडी खरंच चपळ होते का? अॅक्सिलरेटरचा रिस्पॉन्स आणि पायाला कळणारी गाडी

वळणवेडा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकतो. आधीची गाडी साधी होती, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही, अॅक्सिलरेटरला केबल. आताची टर्बो आहे, ताकद जवळपास दुप्पट, आणि इको, नॉर्मल, स्पोर्ट असे मोड. स्पोर्ट लावला की नुसता पाय टेकवला तरी गाडी उसळी मारते. सुरुवातीला मजा वाटते, पण हळू वळणातून बाहेर पडताना नेमकी हवी तेवढी ताकद काढताच येत नाही, एकतर कमी नाहीतर भसकन जास्त. नॉर्मलला उलटं, पेडल अर्धं जाईपर्यंत काही हालचाल नाही आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. जुन्या गाडीत दम नव्हता, पण पाय जेवढं सांगेल तेवढंच इंजिन ऐकायचं.

तर प्रश्न असे. स्पोर्ट मोडमध्ये इंजिनात खरंच काही बदलतं का? आणि चांगला थ्रॉटल रिस्पॉन्स, म्हणजे पेडल दाबल्यावर इंजिन देतं ते उत्तर, म्हणजे नक्की काय, जो सगळ्यात पटकन येतो तो, की आणखी काही? माझं मत आधीच सांगतो, पटकन येण्याला आपण गरजेपेक्षा फार जास्त भाव देतो.

शून्य_ते_शंभर
पटकन नको असेल तर परफॉर्मन्स गाडी घ्यायचीच कशाला? 😄

तेलकट_हात
वळणवेडा, प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आता पेडलच्या मागे केबल नसते, सेन्सर असतो. एक नाही, दोन. दोघांचे व्होल्टेज मुद्दाम वेगवेगळे ठेवतात आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) सतत ते ताडून बघतो, जुळले नाहीत तर चेक लाइट लावून ताकद छाटून टाकतो. म्हणजे तुम्ही पेडल दाबता तेव्हा बटरफ्लाय (इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप) उघडत नसता, ईसीयूला सांगत असता की मला एवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पाहिजे. मग हवा किती, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) किती, इग्निशन कुठे, हे सगळं तो ठरवतो आणि बटरफ्लाय एक छोटी मोटर फिरवते.

मोड बदलला की मुख्यतः बदलतो तो या मागणीचा नकाशा. उदाहरणादाखल, नॉर्मलला ३० टक्के पेडलवर ३० टक्के टॉर्क मागितला जात असेल तर स्पोर्टला त्याच जागी ५५-६० मागितला जातो. शेवटी १०० ला दोन्ही एकाच ठिकाणी. म्हणजे ताकद वाढली नाही, फक्त पुढे ओढून आणली. आणि ती पुढे ओढली म्हणून उरलेल्या पेडलमध्ये वाटायला काही शिल्लकच राहत नाही. तुम्हाला वळणात जो त्रास होतोय तो इथून येतो. पायाच्या एका बोटाच्या हालचालीत दुप्पट टॉर्क बदलत असेल तर नेमकेपणा कुठून आणणार?

शून्य_ते_शंभर
हे अर्धवट आहे हां. माझ्या गाडीत स्पोर्टला खरोखर जास्त ओढते, मागे बसलेल्यालासुद्धा कळतं.

तेलकट_हात
गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे ना? मग तो स्पोर्टला एक-दोन गिअर खाली धरून ठेवतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर राहतात, एक्झॉस्टमधून गॅस जास्त जातो, टर्बो आधीच फिरत असतो. त्यामुळे ओढ खरी आहे, पण ती पेडलमुळे नाही. गिअर मॅन्युअली एका जागी धरा, आरपीएम सारखे ठेवा, दोन्ही मोडमध्ये पेडल तळाशी टेकवा आणि मोकळ्या ट्रॅकवर वेळ लावून बघा.

पिस्टनपंत
अपवाद नोंदवतो. ई६० पिढीची बीएमडब्ल्यू एम५, ती ५.० लिटर व्ही१० वाली. ती चालू केली की ४०० हॉर्सपॉवरवरच असायची, पॉवरचं बटण दाबलं तर पूर्ण ५०७ मिळायची. म्हणजे तिथे बटणाने खरोखर इंजिन बदलत होतं. सरसकट "सगळा भास आहे" म्हणू नका.

तेलकट_हात
मान्य पंत. म्हणूनच "मुख्यतः" लिहिलं होतं.

निवांत
मला तर वाटतं सगळं केबल गेल्यापासून बिघडलं. केबल होती तेव्हा पाय आणि इंजिन यांच्यामध्ये कोणी नव्हतं. आता मध्ये एक साहेब बसवलाय, तो ठरवणार तुम्हाला किती द्यायचं.

पिस्टनपंत
निवांतराव, केबलचं प्रेम मलाही आहे, पण तिला सरळमार्गी म्हणू नका. बटरफ्लाय ही जातच मुळात सरळ नाही. कमी आरपीएमला ती थोडीशी उघडली तरी इंजिनाला लागणारी जवळजवळ सगळी हवा मिळून जाते, पुढे कितीही उघडा, काही फरक पडत नाही. ६०००ला तीच उघडीप अपुरी पडते. म्हणजे केबलमध्येसुद्धा पेडलचा अर्थ आरपीएमप्रमाणे बदलत होता. त्यावर उपाय म्हणून कितीतरी गाड्यांत केबल ज्या चकतीवर गुंडाळते ती गोल न ठेवता वेडीवाकडी करायचे, म्हणजे सुरुवातीला बटरफ्लाय हळू उघडावी आणि नंतर भरभर. हा सुद्धा नकाशाच झाला, फक्त धातूत कापलेला. लहान इंजिनाला हौसेने मोठी थ्रॉटल बॉडी (बटरफ्लाय बसते ती नळी) लावलेली गाडी चालवून बघा, केबल असूनही ती चालू-बंद बटणासारखी वागते.

आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल कालपरवाचा नाही. बीएमडब्ल्यूने ७५०आयच्या व्ही१२ ला तो ऐंशीच्या दशकातच दिला होता. ई४६ एम३ च्या रिस्पॉन्सची लोक आजही आठवण काढतात ना? तिला केबल नाही. सहा सिलिंडर, सहा स्वतंत्र बटरफ्लाय, आणि त्या फिरवायला इलेक्ट्रिक मोटर.

निवांत
एम३ चं माहीत नव्हतं, ते चांगलं सांगितलंत. पण पंत, मग ती एवढी गोड का वाटते आणि आजची टर्बो का नाही?

पिस्टनपंत
हवेमुळे. नेहमीच्या इंजिनात एक बटरफ्लाय असते, तिच्या पुढे मोठा प्लेनम (हवेची सामाईक पेटी), मग रनर (प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी नळी) आणि मग व्हॉल्व्ह. तुम्ही बटरफ्लाय उघडलीत तरी आधी तो प्लेनम भरायला लागतो. लांब पाइपच्या टोकाला पाणी हवंय आणि नळ दुसऱ्या टोकाला आहे, तसं. स्वतंत्र थ्रॉटल बॉडीत नळच सिलिंडरच्या तोंडाशी. उघडताना पटकन आणि, महत्त्वाचं म्हणजे, बंद करतानाही पटकन. आताच्या ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ जीटी३ मध्ये ४.० लिटर इंजिनाला सहाच्या सहा स्वतंत्र दिल्या आहेत, ९००० पर्यंत फिरतं ते.

आणि लेक्सस एलएफए! ४.८ लिटर व्ही१०, दहा थ्रॉटल बॉडी. आयडलपासून (नुसतं चालू असतानाचे फेरे) रेडलाइनला (फेऱ्यांची वरची मर्यादा) ०.६ सेकंदात जायचं. काट्याचं टॅकोमीटर (आरपीएमचं मीटर) एवढ्या वेगाला पुरं पडेना म्हणून तिला डिजिटल दिलं. याहून सुंदर गोष्ट इंजिनांच्या जगात मला माहीत नाही.

मृणाल_ट
पंतांच्या प्रतिसादात फ्लायव्हील राहिलं. क्लच दाबलेला असताना आरपीएम किती भरकन चढतात ते हवेइतकंच फिरणाऱ्या वजनावरही आहे. हलकं फ्लायव्हील म्हणजे चढायलाही चपळ, उतरायलाही. पण मग गाडी जागेवरून काढताना क्लच नीट सांभाळावा लागतो, नाहीतर पटकन बंद पडते. गिअर टाकलेला असताना मात्र फरक कमी जाणवतो, कारण तेव्हा सगळी गाडीच ओढायची असते, आणि वरच्या गिअरमध्ये तर जवळजवळ नाहीच.

शून्य_ते_शंभर
सगळे टर्बोला शिव्या घालायला जमलेत वाटतं. आजकालच्या टर्बोत लॅग उरलाय कुठे? १५०० पासून पूर्ण टॉर्क लिहिलेला असतो.

तेलकट_हात
१५०० ला पूर्ण टॉर्क *मिळतो* आणि १५०० ला पाय दाबल्यावर *लगेच* मिळतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरात पहिलीच सांगते. अमुक आरपीएमच्या खाली टर्बो बूस्ट बनवूच शकत नाही ती एक मर्यादा. त्या मर्यादेच्या वर असूनही पाय दाबल्यापासून टर्बाइन वेग पकडेपर्यंत जो वेळ जातो तो लॅग. लोक दोन्हीला लॅगच म्हणतात आणि मग भांडणं.

वळणवेडांच्या नॉर्मल मोडच्या तक्रारीचं उत्तर पण इथेच आहे. तुम्ही ४० टक्के पेडल दाबलं. ईसीयूने मागणी ऐकली, बटरफ्लाय कदाचित पूर्ण उघडून बसला, कारण त्याला बूस्ट बनवायचाय. टर्बोला वेळ लागतोय. तुम्हाला वाटलं काहीच होत नाहीये, म्हणून पाय ६५ वर गेला. आता बूस्ट आला, पण तो ६५ चा आला, आणि तुम्हाला हवा होता ४० चा. मग तुम्ही पाय उचलता, पुन्हा दाबता. "अर्धं पेडल मेलेलं, मग सगळं एकदम" असं जे वाटतं ते बऱ्याचदा हेच असतं. पाय इंजिनाच्या एक पाऊल पुढे गेलेला असतो.

वळणवेडा
अरे, हे तंतोतंत असंच होतं! म्हणजे पेडल ४० वर धरून थांबायला हवं?

तेलकट_हात
थांबा नाही, आधी दाबा. वळणात ताकद जिथे हवी त्याच्या थोडं अलीकडे हलकेच पाय ठेवायचा, टर्बोला जागं करायचं. रॅलीवाले तर डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने रेस चालू ठेवतात, टर्बो फिरता राहावा म्हणून. शिवाय त्यांच्याकडे अँटी-लॅग असतो, म्हणजे पाय उचललेला असतानाही हवा आणि पेट्रोल पुढे पाठवून ते एक्झॉस्टमध्ये जाळायचं आणि टर्बाइन फिरवत ठेवायचं. तो फटाक्यांसारखा आवाज त्याचाच. त्यात टर्बो इतका तापतो की रोजच्या गाडीत कोणी ते करू धजत नाही.

पिस्टनपंत
लॅग मारायला कंपन्यांनी काय काय केलंय ते बघण्यासारखं आहे. व्होल्वोने डिझेलमध्ये दोन लिटरची दाबलेल्या हवेची टाकी दिली, पाय दाबला की हवेचा झोत एक्झॉस्टमध्ये सोडून टर्बोला धक्का. ऑडीने एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टवर चालणारा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर लावला. मर्सिडीज-एएमजीने टर्बोच्या शाफ्टवरच मोटर बसवली, ती युक्ती थेट फॉर्म्युला १ मधून आलेली.

अदिती_रेसलाइन
उशिरा आले, पण एवढे प्रतिसाद झाले आणि सगळे *दाबण्याबद्दलच* बोलताय. मी कार्टिंगपासून सुरुवात केली आणि आता ट्रॅकवर नवीन लोकांना शिकवते, त्या अनुभवातून सांगते की गाडी चांगली की वाईट हे पाय *उचलताना* जास्त कळतं.

वळणात अर्ध्यावर पाय किंचित हलका केला की वजन पुढे जातं, पुढच्या चाकांना पकड मिळते, नाक आत वळतं. किंचित दाबला की वजन मागे, गाडी बाहेर रुंद होते. म्हणजे स्टिअरिंग न हलवता पायाने गाडी वळवता येते, आणि चांगले ड्रायव्हर दिवसभर हेच करत असतात. जुन्या ९११ मध्ये लोक वळणात घाबरून एकदम पाय उचलायचे आणि मागचं टोक पुढे यायचं, तेही याच कारणाने, मागे टांगलेल्या इंजिनामुळे जास्त जोरात.

आता यासाठी पेडलकडून काय हवं? पाच टक्के उचललं तर पाच टक्के कमी व्हायला हवं, आणि आत्ता व्हायला हवं. कितीतरी नव्या गाड्यांत पाय उचलल्यावर इंजिन क्षणभर तसंच ओढत राहतं. मॅन्युअलमध्ये क्लच दाबून गिअर बदलताना आरपीएम खाली यायलाच तयार नसतात, वर लटकून राहतात, वैताग येतो. कारणं खरी आहेत. बटरफ्लाय फाडकन बंद केली तर धुरातलं प्रदूषण वाढतं, ट्रान्समिशनला गचका बसतो, म्हणून सॉफ्टवेअर ती सावकाश मिटतं. पण त्या सावकाशपणात ड्रायव्हरच्या हातातलं अर्धं नियंत्रण जातं आणि याची किंमत कुठल्याही चाचणीच्या आकड्यात दिसत नाही. ० ते १०० ला एक दशांश सेकंद कमी झाला की बातमी होते, पाय उचलल्यावर इंजिन किती वेळ ऐकत नाही हे कोणी मोजून छापत नाही.

वळणवेडा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: चांगला रिस्पॉन्स म्हणजे दरवेळी तेच मागितल्यावर तेच मिळणं, दोन्ही दिशांना. थोडा उशीर असला तरी तो दरवेळी तेवढाच असेल तर पाय शिकून घेतो. कधी असा कधी तसा असेल तर कधीच शिकत नाही.

मृणाल_ट
अदितीताई, +१००. वाचनखूण साठवली.

शून्य_ते_शंभर
ताई, मुद्दा पटला. पण मग इलेक्ट्रिक गाड्यांनी हा सगळा प्रश्नच मिटवला ना? ना हवा, ना टर्बो, ना फ्लायव्हील. पाय दाबला की टॉर्क.

अदिती_रेसलाइन
मोटर तयारच असते हो, टॉर्क काही मिलिसेकंदांत बदलू शकतो. पण तो तसाच सोडत नाहीत. पाय उचललेला असताना मोटर रीजनने (गाडीचा वेग कमी करत बॅटरी भरणं) मागे ओढत असते, दाबला की पुढे ढकलते. त्या बदलात गिअरच्या दात्यांमधली फट एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते आणि खट्ट असा आवाज, धक्का. म्हणून त्या शून्याच्या आसपास टॉर्क मुद्दाम हळुवार वळवतात. म्हणजे इथेही शेवटी नकाशा लिहिणाऱ्याचीच कसोटी. आणि तो चांगला लिहिला असेल तर, हो, एका पेडलवर वळणात जे करता येतं ते पेट्रोलमध्ये मी फार थोड्या गाड्यांत अनुभवलंय.

निवांत
पण आत्मा नाही. आवाज चढत नाही, गिअर नाही, पायाला कळणार कसं कुठे आहोत?

मृणाल_ट
ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मध्ये खोटे गिअर दिलेत, आठ. गिअर बदलल्यावर झटका देतं, आरपीएम संपले की कापतंसुद्धा. नुसती नौटंकी म्हणून हसायचे मी, पण ट्रॅकवर त्याचा उपयोग असा की वेगाचा अंदाज कानाने आणि अंगाने येतो, डोळे मीटरवर न्यावे लागत नाहीत.

गप्पिष्ट
अवांतर: हे इलेक्ट्रॉनिक पेडल आपोआप रेस देत सुटलं तर? मध्यंतरी अमेरिकेत केवढा गोंधळ झाला होता. मला अजून भीती वाटते.

तेलकट_हात
टोयोटाचं प्रकरण, २००९-१०. त्यात नासाच्या इंजिनिअरांकडून तपास करून घेतला होता, २०११ मध्ये अहवाल आला, अपघात घडवेल एवढा थ्रॉटल आपोआप उघडणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पेडलमध्ये अडकणारं मॅट आणि परत वर यायला चिकटणारं पेडल यासाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. आता बहुतेक गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबलं गेलं तर ब्रेकचं ऐकलं जातं. तुमच्या हातात एवढंच की ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटवर मॅट टाकू नका आणि मॅटचे हूक लावा.

गप्पिष्ट
धन्यवाद. लगेच खाली जाऊन हूक बघून आलो 🙂

रात्रपाळी
ते पेडल आणि ईसीयूच्या मध्ये लावायचं छोटं खोकं मिळतं, त्याचं काय? मित्राने लावलंय, म्हणतो गाडी दुसरीच झाली.

पिस्टनपंत
तेलकट_हात यांनी वर लिहिलंय तेच. खोकं सेन्सरचा आकडा फुगवून पुढे पाठवतं. २५ टक्के दाबलं तर ईसीयूला ४५ सांगतं. इंजिन होतं तेच. म्हणजे स्पोर्ट मोड विकत घेतला, तोही उसळी मारणारा. ज्या गाड्यांचा मूळ नकाशा फारच झोपाळू आहे तिथे लोकांना बरं वाटतं हे खरं, पण हवं तर पाय जास्त दाबूनही तेच मिळतं, फुकट.

मृणाल_ट
सॉफ्टवेअरवर एवढं बोललो, पेडलच्या घडणीवर कोणीच नाही. वरून लोंबणारं पेडल आणि जमिनीला बिजागरी असलेलं पेडल यात मला प्रचंड फरक वाटतो. जमिनीवरच्या पेडलमध्ये टाच टेकलेली राहते आणि पाऊल पेडलसोबतच फिरतं, घसरत नाही. पोर्शे, बीएमडब्ल्यू बऱ्याच गाड्यांत देतात, माझ्दा तर छोट्या गाड्यांतही देते. दुसरं, स्प्रिंगसोबत मुद्दाम घातलेलं घर्षण. दाबायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा धरून ठेवायला कमी लागावा, असं ते बनवलेलं असतं, म्हणजे खड्ड्यातून जाताना पाय हलला तरी पेडल हलत नाही. केबलच्या गाडीत हे घर्षण आपोआप यायचं. निवांतराव, तुम्हाला केबलची आठवण येते त्यात थोडा वाटा याचाही असणार.

आणि बूट! जाड तळव्याच्या बुटांत नेमकेपणा शोधू नका.

निवांत
हे पटलं. घर्षणाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

वळणवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं काही निघेल असं वाटलं नव्हतं. तेलकट_हात यांनी सांगितलेली चाचणी करून आलो, ट्रॅक डे होता तिथे. गिअर तिसऱ्यात धरला, पेडल तळाशी, दोन्ही मोडमध्ये ओढ सारखीच, घड्याळातही सारखीच. फरक आहे तो पेडलच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात आणि ऑटोमॅटिकमध्ये सोडल्यावर गिअरमध्ये. माझ्या गाडीत मोड वेगवेगळे जुळवायची सोय आहे, तर आता इंजिन नॉर्मल आणि गिअरबॉक्स स्पोर्ट असं ठेवलंय. आरपीएम वर राहतात म्हणून टर्बो जागा असतो, आणि पेडल मात्र लांब, हळू उलगडणारं. वळणातून बाहेर पडताना आता पाय आणि गाडी एका वेळी बोलतात. अदितीताईंनी सांगितल्याप्रमाणे पाय उचलून बघितला, तिथे मात्र गाडी अजूनही क्षणभर ओढत राहते, त्याला सेटिंगमध्ये इलाज दिसला नाही.

अदिती_रेसलाइन
नसतोच, ते नकाशात खोल असतं. चांगला ट्यूनर (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून देणारा) ते थोडं कमी करू शकतो, पण मग धुराच्या नियमांचं काय हे आधी विचारा. तोवर एक करा, पाय फाडकन उचलू नका, दोन टप्प्यांत उचला, आणि ब्रेक थोडा आधी. बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबल्यावर ईसीयू टॉर्क लगेच कापतो, त्याचा फायदा मिळतो.

शून्य_ते_शंभर
मीपण इंजिन नॉर्मल, गिअर स्पोर्ट लावून बघितलं. सुरुवातीची उसळी गेली हे खरं आणि ती मला आवडायची हेही खरं. पण बायको शेजारी बसली होती, म्हणाली आज पहिल्यांदा मान हलली नाही. आता पावसात काय ठेवायचं तेवढं सांगा कोणीतरी.

तेलकट_हात
वेट मोड असेल तर तोच, नसेल तर इको. तिथे तोच लांब नकाशा कामाला येतो, चाकाला अचानक टॉर्क जात नाही. गिअर एक वरचा ठेवा, म्हणजे चाकाला टॉर्क कमी पोचतो.